सात वर्षांचं फिनाइल

इन्शिराह शिंपीण सात वर्षं हसली नाही. हसू येत नव्हतं असं नाही. यायचं, पण बाई दातांत टाचणी धरून ते गिळायची. इजिप्तमधल्या तंता शहरात शाळेचे गणवेश तिच्या तोडीचे कोणी शिवत नसे. मापाला उभी राहिलेली पोरं वाकुल्या दाखवायची, ही आपली ढिम्म.

नवरा राफत गेल्यापासूनचं हे. त्यानं स्वतःचा जीव घेतला होता. तसं पाहिलं तर मरण कोणाच्या घरी येत नाही? वर्षभर दुःख पाळून कहक ही ईदची बिस्किटं भाजायची नाहीत, मग पुन्हा तूप कढवायचं, पीठ मळायचं, पोटात खजूर भरायचा. पण हे मरण असलं, की त्याचं वर्ष कधी संपतं ते शेजारणींना कळेना आणि विचारायची कोणाची छाती होईना. मग सगळ्यांनी मिळून एक शक्कल लढवली. तिला शहाणपण म्हणायचं की वेडेपणा, तुमचं तुम्ही ठरवा. इन्शिराहच्या नाकाला वास लागू नये म्हणून अख्ख्या इमारतीची कहक चौथ्या मजल्यावर, हातिमच्या आईकडे, खिडक्या घट्ट लावून भाजायची. कच्चा माल वर न्यायचा तो चादरीखाली, धुणं म्हणून. शिवाय वास मारायला जिना फिनाइलनं धुवून काढायचा. राफतचं नावही असंच झाकलेलं. सात वर्षांत तिच्यापुढे ते कोणी काढलं नाही.

बिचारी इन्शिराह समजायची, रमजान सरत आला की या बायकांना स्वच्छतेचं खूळ चढतं.

यंदा ईदला चार दिवस उरले होते. भर दुपारी, रोज्यानं सगळ्यांचे घसे कोरडे पडलेले, आणि तिच्या दाराबाहेर धाडकन आवाज झाला. दार उघडून बघते तर अगडबंब हातिमची आई पायरीवर फतकल मारून बसलेली. परातीचं दुसरं टोक धरणारी तिसऱ्या मजल्यावरची जॉर्जेत भिंतीला पालीसारखी चिकटलेली. परात उपडी, पीठ सांडलेलं, चादर गुंडाळलेली, आणि खजुराचे लिंबाएवढे गोळे टपटप एकेक पायरी उतरत खाली निघालेले.

"काय गं हे?" इन्शिराहनं विचारलं.

"धुणं," हातिमची आई म्हणाली.

"धुण्यात खजूर?"

"हातिमचे खिसे असतील," जॉर्जेत म्हणाली. "काय काय भरून ठेवतो मेला."

"हातिम परदेशी जाऊन तीन वर्षं झाली ना?"

"तेच तर. किती दिवसांचं धुणं साचलंय बघ."

इन्शिराहनं दातांत टाचणी शोधली. टाचणी नव्हती. हातिमची आई उठायला गेली ती फिनाइलवरून पुन्हा सटकली आणि दोन पायऱ्या खाली जाऊन एका गोळ्यावर बसली. मग काय विचारता. इन्शिराहला असं हसू फुटलं की तिला चौकट धरावी लागली. हसता हसता त्या दोघींनी सगळं ओकून टाकलं: चादरी, खिडक्या, फिनाइलच्या बाटल्या. "सात वर्षं गं," जॉर्जेत पोट धरून म्हणाली, "माझ्या कहकला फिनाइलचीच चव येते." तिघी जिन्यात लोळायच्या तेवढ्या बाकी होत्या.

आणि एकाएकी इन्शिराहनं तोंडावर हात दाबला. ती घाबरली होती.

"त्या रात्री मी अशीच हसले होते," ती म्हणाली. "तो कचेरीतल्या साहेबाची नक्कल करत होता. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. आणि सकाळी त्यानं जीव दिला. बायको ना मी त्याची? हसत बसले. मला काही म्हणजे काही दिसलं नाही."

जॉर्जेतनं मान खाली घातली. हातिमची आई अंगभर उडालेलं पीठ झटकायचंही विसरली.

"मला तरी कुठे दिसलं, बाई," ती हळूच म्हणाली. "त्या संध्याकाळी इथेच भेटला होता. काहीतरी बोलला, मी खदखदून हसले नि वर निघून गेले. थांबलेसुद्धा नाही. सात वर्षं तुला सांगायला तोंड नव्हतं मला."

"काय बोलला?"

"जाऊ दे ना आता."

"काय बोलला राफत? शब्द न् शब्द सांग."

हातिमच्या आईनं नाक ओढलं आणि राफतसारखा कचेरीतला चेहरा केला. "म्हणाला, 'हातिमच्या आई, आमच्या टेबलावर या जिन्याचा अर्ज आलाय. बदली मागतोय. कारण विचारलं तर तुमचं नाव सांगतो.'"

बावीस वर्षांच्या संसारात राफतचा एकूण एक विनोद इन्शिराहला पाठ झाला होता. हा तिनं ऐकलेला नव्हता. ती त्या ओल्या पायरीवर खाली बसली, हसू लागली, आणि हसतानाच तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. बराच वेळ कोणी तिला उठवलं नाही. मग तिनं बाहीनं नाक पुसलं आणि जॉर्जेतकडे वळली.

"आणि तुला गं? तुला काय म्हणाला होता?"