पुतळीचा पहिला घास

झाडायला बसलो तर आमच्या पॅकिंग शेडमधून केळीच्या पानांपेक्षा गोष्टीच जास्त निघतील. माणसं आली, गेली. गाड्या भरल्या, सुटल्या. गोष्टी मात्र जागच्या हलत नाहीत. त्यातल्या निम्म्या एका मांजरीच्या आहेत, हे सांगायला मला जरा जड जातं. पण खरं ते खरं.

पुतळी तिचं नाव. फैजपूरला मी शेड टाकली तेव्हा उंदीर दोऱ्या आणि खोकी कुरतडायचे. ही कुठूनशी आली आणि उंदीर संपले. तेव्हा आमचा मुकादम सुकदेव नाना, धरणगावकडचा माणूस, त्यानं एक रीत पाडली. दुपारी डबे उघडले की पहिला घास पुतळीचा. तिनं तोंड लावल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. मी मालक, पण रीत मलाही लागू. कित्येक वर्षं कोणाला त्रास झाला नाही. डबे उघडायच्या आधीच पुतळीबाई हजर असायच्या!

मग ती म्हातारी झाली, आणि एक दिवस घास हुंगून निघून गेली.

* * *

गावातल्या ढोरांच्या डॉक्टरनं तिला लांबूनच पाहिलं.

"आबा, मी म्हशीला सुई देतो. म्हैस लाथ मारते, पण चावत नाही. हिला जळगावला न्या."

केळीच्या क्रेटमध्ये बसवली, वर दुसरा क्रेट उपडा बांधला आणि नेली. जळगावच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. म्हणाला, "किडनी थकली आहे. बरी होणार नाही. पण खात राहिली तर राहील. खाणं सुटलं की संपलं."

मग विचारलं, "वय काय हिचं?"

सुकदेव म्हणाला, "शेडवर पत्रा चढनात तवानी शे."

"म्हणजे किती?"

"आते त्या पत्रा गंजी ग्यात!"

* * *

डॉक्टरनं आजारी मांजरांच्या खाण्याचे डबे दिले. पुतळीनं वास घेतला आणि डब्याकडे पाठ केली. सुकदेवनं बोट बुडवून चाखून पाहिलं. मी नको म्हणायच्या आत!

"आबा, येमा मीठच नही शे!"

आणि भाजीत टाकावं तशी चिमूट घेऊन आला. मी हात धरला. डॉक्टरनं सगळ्यात आधी मीठच बंद केलं होतं.

सुकदेवनं मीठ परत पुडीत टाकलं. म्हणाला, "बिगर मीठनं तर मी बी उपाशी मरसू!"

* * *

मग भूक लागायची गोळी आली. गोळीचा चतकोर तुकडा, तो सायीत गुंडाळून द्यायचा. हे काम लीलाबाईचं. लीलाबाई आमच्याकडे केळीच्या फण्या खोक्यात भरायची. तिच्याइतकी साफ भरती मी दुसरीकडे पाहिली नाही. पुतळी साय चाटायची आणि गोळी थुंकायची. एकदा थुंकलेली गोळी सापडेना.

लीलाबाई ओरडली, "थांबवा गाडी! गोळी खोक्यात गेली असंन!"

दिल्लीची गाडी. भरलेली खोकी पुन्हा उतरवली, उघडली. मी चिडलो. म्हटलं, "एवढासा तुकडा. तिकडं कोणी खाल्ला तर काय होईल?"

सुकदेव खोकं उघडता उघडता म्हणाला, "काय व्हई? दुप्पट केळं मांगी!"

गोळी फण्यांमध्ये घालायच्या फोमच्या घडीत सापडली. गाडी उशिरा सुटली.

* * *

पुतळी जेवत नाही तोवर कोणाला जेवता येईना. सगळ्यांची भूक तिच्या भुकेवर टांगलेली. एक दिवस लीलाबाईनं लपून गोळीचा आणखी एक तुकडा दिला, की आज जरा लवकर जेवू. सुकदेवनंही गुपचूप तेच केलं!

पुतळी दुपारभर आरडत शेडभर फिरली. खोक्यांवर चढली, वजनकाट्यावर चढली, एका बाईच्या पाठीवर चढली. खाल्लं काहीच नाही. मी डॉक्टरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो म्हणाला, घाबरू नका, शांत जागी ठेवा, पाणी द्या, उतरेल.

मग म्हणाला, "जास्त गोळी दिली कोणी?"

लीलाबाई फण्या भरायला लागली, सुकदेव खोकी मोजायला.

डॉक्टर म्हणाला, "मग तिनंच पाकीट फोडलं असेल!"

* * *

गोळी बंद झाली, त्याच भुकेच्या औषधाचं मलम आलं. कानाच्या आतल्या बाजूला लावायचं. डॉक्टरनं बजावलं, हातमोजे घालूनच लावा, नाहीतर औषध तुमच्या अंगात जाईल.

सुकदेव म्हणाला, "केळीना चीकले कधी मोजा घाल्यात नहीत, मलमले घालू?"

त्याच दिवशी माझ्या नातवाच्या बारशाची वरण-बट्टी होती. सुकदेव पंगतीला बसला. बट्टी संपली, आणली. पुन्हा संपली. आत बायकांनी नवीन कणीक भिजवली. माझी बायको तुपाची वाटी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"नाना, मलम कोन्हाच्या कानाले लावलं?"

* * *

आता त्या शेडमध्ये दुसऱ्यांचं काम चालतं. माणसं पाळीपाळीनं, मोबाइल बघत जेवतात. लीलाबाई लेकीकडे गेली. सुकदेव गावी असतो. पुतळीही नाही. पण दुपार झाली की माझा हात डब्याच्या झाकणावर थोडा थांबतोच.

तिच्या अखेरच्या थंडीत मलमाचाही गुण येईनासा झाला होता. एका दुपारी दुधात कुस्करलेली भाकरी समोर ठेवली. तिनं तोंड फिरवलं. साय ठेवली. तोंड फिरवलं. सुकदेवनं आपल्या डब्याचं झाकण लावलं. मग सगळ्यांनी लावलं. लीलाबाईला शुगर, तिला वेळेवर खावंच लागायचं.

मी म्हटलं, "लीला, तू जेव."

"तुमी जेवा आधी, आबा."

मी जेवलो नाही. तीही जेवली नाही.

गाडीचा ड्रायव्हर नवीन होता, हरियाणाचा. त्याला आमची रीत कोण सांगणार? तो गाडीच्या सावलीत बसला, पेपर पसरला, दही-पराठा काढला आणि खायला लागला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

पुतळी उठली. पाय लटपटत होते. पूर्ण शेड ओलांडून ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. त्यानं पराठ्याचा तुकडा दह्यात कुस्करला, तळहातावर ठेवला. तिनं खाल्ला. हात चाटला. पुन्हा पंजा ठेवला.

ड्रायव्हरनं मान वर केली. समोर एवढी माणसं, सगळ्यांचे डबे बंद.

"इतने आदमी बैठे हो," तो म्हणाला, "और एक बिल्ली को भूखा रखा है?"

सुकदेव माझ्याकडे बघायला लागला.

मी डबा उघडला.