मास्तर आत आले की कोट बसतो

गल्लीच्या तोंडाशी कोट शिवणाऱ्या मास्तरांचं दुकान. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पण आरडाओरडा शाळेतल्यांना लाजवेल असा. पूर्वी ते असे नव्हते हो. समोर तयार कपड्यांचं भलंमोठं काचेचं दुकान उघडलं आणि तेव्हापासून या भल्या माणसाचं अंगच बिनसलं. सकाळी उठावं तर जबडा ठणकतोय, रात्रभर दगड चावल्यासारखा. जेवण झालं की छातीत जळजळ. मान तर अशी आखडलेली, की कुणी मागून हाक मारली तर मास्तर अख्खे वळायचे.

बायको म्हणायची, "अहो, डॉक्टरांना दाखवा." मास्तर म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?"

शेवटी तीच हाताला धरून घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "रोग नाही, ताण आहे. तुमचं अंग सारखं मारामारीच्या तयारीत उभं असतं. अधूनमधून दात सुटे करा, खांदे खाली सोडा, श्वास सावकाश बाहेर टाका. संध्याकाळी जरा पाय मोकळे करून या."

मास्तर जे रुसले ते घरी येईपर्यंत. एवढ्या सुया टोचून घेतल्या आणि औषध काय, तर श्वास! तो तर ते जन्मल्यापासून घेतच होते.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. मास्तरांचे कोट परत येऊ लागले होते. मापं तीच, कात्री तीच, शिलाई मोत्यासारखी. तरी गिऱ्हाईक घरी जाऊन कोट चढवी आणि तोंड वाकडं करून परत येई. मानेमागे कॉलर उभी राहायची, काखेत चुण्या पडायच्या. मास्तरांनी टेप बदलला, खडू बदलला, चष्म्याला नाही नाही ते बोलून घेतलं. काही उपयोग नाही. शेवटी त्यांनी हायच खाल्ली.

"नजर गेली माझी," ते बायकोला म्हणाले. "पोस्टातल्या साहेबांचा कोट हा शेवटचा. हा बिघडला, की कात्री ठेवतो आणि दुकान सोडतो."

ती आतल्या खोलीच्या कोपऱ्यात काजं करत बसली होती. त्या कोपऱ्यात बसून काजं करण्यातच तिचा जन्म गेला होता.

साहेब ट्रायलला आतल्या खोलीत आले. कोट चढवून आरशापुढे उभे राहिले, आणि झालं, काखेत चुण्या. मास्तर दातांत टाचण्या धरून, श्वास कोंडून आत शिरले आणि खेकसले, "ताठ!" साहेबांचे खांदे जे उडाले ते थेट कानाखाली. कोट असा बसला म्हणता, की चुणी औषधाला सापडेना.

"बसला की," मास्तर चकित होऊन म्हणाले आणि खडू आणायला बाहेर गेले. ते बाहेर पडताच साहेबांनी हुश्श केलं, खांदे उतरले, चुण्या हजर.

बायकोने सुई खाली ठेवली. "अहो, जरा आत या." मास्तर आत आले, कोट बसला. "आता बाहेर जा." कोट बिघडला. दोनतीन वेळा मास्तरांची अशी वरात काढल्यावर तिला हसू आवरेना, साहेबही हसू लागले.

"नजर शाबूत आहे तुमची," ती म्हणाली. "तुम्ही समोर उभे राहिलात की माणूस धसका घेतो. त्या धसक्याचं माप अगदी बरोबर घेता तुम्ही. पण घरी गेल्यावर हे साहेब खांदे कानाला लावून फिरणार आहेत का?"

मास्तरांनी आरशात पाहिलं. साहेबांच्या मागे त्यांचे स्वतःचे खांदेही कानाशी गुजगोष्टी करत होते.

मग टाचण्या तोंडातून डबीत गेल्या. मास्तरांनी साहेबांना बसवलं, पाणी दिलं, बदल्यांच्या गप्पा काढल्या. दात सुटे केले आणि डॉक्टरीणबाईंना मनातल्या मनात माफ करून एक लांब श्वास सोडला. तो ऐकून साहेबांनीही सोडला. तेवढ्यात मास्तरांनी टेप लावला. त्या मापाने कोट उसवून पुन्हा शिवला, आणि साहेब तो घालून गेले ते परत आले नाहीत. आला तो त्यांचा भाऊ, स्वतःसाठी कोट शिवायला.

त्या संध्याकाळी दोघं नवराबायको गल्लीच्या टोकापर्यंत फिरून आली. दुकान बंद करता करता मास्तर म्हणाले, "आयुष्यभर लोकांचे कोट शिवले, तुझं माप कधी घेतलं नाही. ये, थंडीसाठी एक शिवतो."

ती लाजत उभी राहिली. मास्तरांनी मागून टेप लावला आणि त्यांचा हात थबकला. तिचे खांदे वर ओढलेले, मानेची शीर दोरीसारखी ताठ.

"अगं, खांदे सोड."

"हे असेच आहेत माझे," ती म्हणाली.

"असे नव्हते." मास्तरांना फार वाईट वाटलं. सगळा घोर आपल्यालाच लागलाय, असं ते समजून चालले होते. त्यांनी टेप तसाच धरला, तिच्या पाठीमागे उभं राहून सावकाश श्वास सोडला, पुन्हा एकदा सोडला, आणि वाट पाहत राहिले.

शेवटी तिने विचारलं, "किती आलं हो माप?"

"थांब," मास्तर हळूच म्हणाले. "अजून उतरतायत."