मागच्या डाव्या स्पीकरमधली हाळी

भुताखेतांच्या बाबतीत मी अगदी कोरडा माणूस. या ग्रुपवरचे अनुभव रोज वाचतो, पण चहासोबत खारी खावी तसे. शाळेत नारळातून आग काढून "हा चमत्कार नाही, रसायन आहे" असं पोरांना दाखवणारा मास्तर मीच... त्या प्रयोगात एकदा अर्धी मिशीही जाळून घेतली आहे. तेव्हा हे लिहिताना थोडी लाज वाटतेय, ते आधीच कबूल करतो.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्यापासून चार किलोमीटरवर. वावर, म्हणजे शेत, गावापासून आणखी तीन किलोमीटर लांब. ते माझा थोरला भाऊ पाहतो – दादा, साठीला टेकलेला. मी नोकरी पाहतो, आणि उरलेल्या वेळात, बायकोच्या भाषेत, "डबे" पाहतो.

डबे म्हणजे मागच्या खोलीतलं माझं होम थिएटर. आदिलाबादच्या एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून आणलेला कॉम्प्युटर, त्याचा केलेला पिक्चर साठवायचा मीडिया सर्व्हर, उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणारा एचडीआरवाला मोठा टीव्ही, जुना ॲम्प्लिफायर आणि खोलीभर पाच स्पीकर. पहिले चार महिने एचडीआर सुरू केलं की पडद्यावरची माणसं राख फासल्यासारखी दिसायची. शेवटी सेटिंग सापडली तेव्हा मी बायकोला हाताला धरून आणलं. "बघ, काळा रंग किती काळा दिसतोय!"

ती म्हणाली, "काळं पाहासाठी एवढा खटाटोप काऊन केला? तवा पाहायचा ना."

तर, मागच्या दिवाळीनंतरचा रविवार. सकाळी दादाचा फोन आला.

"मास्तर, वावरात येतं का? जरा काम हाये."

"काय काम?"

"आल्यावर सांगतो. फोनवर काय सांगू?"

"दोन वाजता येतो. हातात काम आहे."

"कोनतं काम? डबे?" तो हसला आणि फोन ठेवला.

डबेच होते. मागचा डावा स्पीकर तीन दिवसांपासून मुका होता. दुपारी बाराच्या सुमारास मी खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला आणि सर्व्हरवरची टेस्ट क्लिप लावली. त्यात एक बाई एकेका स्पीकरमधून त्या त्या स्पीकरचं नाव घेते. फ्रंट लेफ्ट... सेंटर... फ्रंट राइट... सराउंड राइट... मग "सराउंड लेफ्ट" यायला हवं. तीन दिवस तिथे नुसती शांतता होती.

त्या दिवशी आवाज आला.

मी "आला रे आला!" म्हणून टाळीसुद्धा वाजवली. मग लक्षात आलं, आवाज त्या बाईचा नाही.

"होऽऽऽऊ... हो! हो!"

आमच्याकडे वावरातल्या माणसाला लांबून नावानं बोलावत नाहीत, हाळी देतात, आणि घराघराची हाळी वेगळी. एक लांब, दोन तुटक – ही आमच्या घराची. आमच्या बापाची, आता दादाची. माझा घसा तेवढा लांब ओढत नाही.

बायको दारात येऊन उभी. हातात पीठ. "दादा काऊन हाळी देऊन राह्यले? कुठी हायेत?"

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. मी मुद्दाम शास्त्रज्ञासारखा आवाज काढून म्हणालो, "थांब, परत लावतो." क्लिप पुन्हा लावली. बाई, बाई, बाई, बाई... आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातून परत तीच हाळी. या वेळी बारीक. शेवटचा "हो" अर्ध्यावरच तुटला.

तिसऱ्यांदा लावायची हिंमत मला झाली नाही. बायकोनंच रिमोट घेऊन बटण दाबलं. डाव्या कोपऱ्यातून हाळी आलीच नाही. नुसतं कोणीतरी दम घेतल्यासारखं... आणि बंद.

दादाला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. "गाडी काढा," बायको म्हणाली. पिठाच्या हातानंच ती मागे बसली.

वावरात झोपडी उघडी. आत दादाचा फोन खाटेवर, पाण्याची कळशी भरलेली. दादा नाही. शेजारच्या वावरात ट्रॅक्टर चालू, त्याच्या घरघरीत आमच्या हाका आम्हालाच ऐकू येईनात. कपाशी छातीएवढी. माणूस चक्कर येऊन पडला असेल तर दिसायचा कुठून? बायको कपाशीच्या एका तासातून, म्हणजे ओळीतून, मी दुसऱ्या तासातून, "दादा, दादा" ओरडत धावत होतो. दोन वाजता येतो म्हणालो होतो मी. दोन वाजता!

आणि मध्येच पाय थांबले. स्पीकरमधला तो आवाज डोक्यात परत वाजला. तो मोकळ्या वावरातला नव्हता. घुमत होता. बंद, गोल, ओल्या जागेतला आवाज होता तो. चार महिने मी खोलीतला घुमारा मारायला भिंतींना गोधड्या ठोकल्यात, मला तेवढं कळतं.

"विहीर!" मी ओरडलो.

विहीर वावराच्या पार खालच्या टोकाला. वाकून पाहिलं तर दादा गळ्यापर्यंत पाण्यात, एका हाताने मोटारीचा पाइप धरलेला, दुसरा हात निखळलेला. उतरताना भिंतीतली लोखंडी कडी त्याच्या पायाखालीच सुटली होती. डोळे उघडे होते, पण आमच्याकडे पाहत नव्हते. बायको ट्रॅक्टरवाल्याला बोलवायला पळाली. तो दोर घेऊन आला, आत उतरला, आणि आम्ही दादाला वर काढलं.

डॉक्टर म्हणाले, अजून थोड्या वेळानं पकड सुटली असती.

आमच्याकडे वर माणूस असल्याशिवाय कोणी विहिरीत उतरत नाही. दवाखान्यात मी चिडून विचारलं, "एकटा उतरलाच काऊन?"

"पाइपात कचरा अडकला होता. अन् वर उभं राहाले तुलेच बोलावलं होतं ना," दादा म्हणाला. अगदी साधेपणानं.

मग मी विचारलं, "हाळी किती वेळा दिली?"

"दोनदा. तिसऱ्यांदा तोंडात पानी गेलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुले कोनं सांगितलं?"



घरी आल्यावर मी स्पीकर उतरवला. गोधडीमागे उंदरांनी वायर कुरतडली होती. तुटलेली दोन टोकं एकमेकांपासून वीतभर लांब. त्या स्पीकरला कुठूनच काही येत नव्हतं. फोन झोपडीत, विहीर तीन किलोमीटरवर, स्पीकरला बॅटरी नाही, वायरलेस नाही. जाणकार मंडळी इथे खूप आहेत, काही सुचलं तर जरूर सांगा. मला तरी काही सापडलेलं नाही.

नवीन वायर आणून ठेवली आहे. पण दादा वावरात असला की मी ती हातातसुद्धा घेत नाही... आणि दादा रोजच वावरात असतो. जोडली तर त्या स्पीकरमधून फक्त पिक्चरचाच आवाज येईल, दादाची हाळी नाही, याची भीती वाटते.