तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची तालीम

आमचे आबा गप्प बसलेले मी लग्न झाल्यापासून कधी पाहिले नव्हते. आबा म्हणजे माझे सासरे, अस्सल कोल्हापूरचे. ते फोनवर बोलायला लागले की वाटायचं, यांना फोन हवाच कशाला, खिडकी उघडली तरी कॉर्कपर्यंत ऐकू येईल. २०२० च्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडमधल्या कॉर्कला आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी मागे राहिल्या. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मे महिन्यात आबांना पक्षाघाताचा झटका आला. देवाच्या दयेने हात-पाय वाचले. वाचा गेली.

म्हणजे अगदी सगळी गेली नाही. एक शब्द राहिला, तो म्हणजे 'च्यायला'. पाणी हवं, च्यायला. भात नको, च्यायला. हॉस्पिटलात आम्हाला आत सोडत नव्हते, त्यामुळे नर्सबाई फोनवर मला कौतुकाने सांगायची, तुझे सासरे किती गोड आहेत, सगळ्यांना तेच एक काहीतरी छान म्हणतात. मी म्हटलं, हो, आमच्याकडचा आशीर्वाद आहे तो. मग फोन ठेवला आणि हसता हसता रडले.

घरी आल्यावर स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदा व्हिडिओवर यायची. ती म्हणाली, शब्द सगळे आत आहेत, फक्त त्यांना बाहेरची वाट सापडत नाहीये. त्यांच्याशी बोलत राहा, आणि मग थांबा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. आता बोलत राहा हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण थांबा? मी ठाण्याची. समोरच्याने 'आ' म्हटलं की मी 'आई'पासून 'आजोबा'पर्यंत सगळं त्याच्या तोंडात घालून मोकळी होते. आबांनी ओठ हलवले की मी, "चहा? चष्मा? चादर? चालायला जायचंय?" असा सपाटा लावायची. ते बिचारे डोळे मिटून घ्यायचे.

पण खरा जीव तुटायचा तो रोजच्या फोनला. दुपारी तीनला, म्हणजे तिकडे साडेसातला, कोल्हापूरहून सासूबाईंचा फोन यायचा. आबा तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसायचे. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोसमोर एक शिवी तोंडात घेऊन जायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. आई विचारायच्या, "आज तरी बोलले का गं?" मी सांगायची, "थोडं थोडं चाललंय, आई." त्या म्हणायच्या, "मला सगळं नको. एक शब्द ऐकला तरी पुरे. माणूस हाय एवढं कळंल." आबांचा एक शब्द त्यांच्या कानावर पडावा, एवढंच त्या उन्हाळ्यात मी देवाकडे मागत होते. माझा नवरा प्लॅन्टमध्ये शिफ्ट करून यायचा, आल्यावर वडिलांचे पाय दाबत बसायचा. त्यालाही तेच हवं होतं, पण तो बोलून दाखवायचा नाही.

आमच्या मागच्या अंगणाला कमरेएवढी भिंत आहे. तिच्या पलीकडे एक फिनिश गृहस्थ राहतात, सत्तरीचे. तरुणपणी कुठल्याशा मशीनच्या कामासाठी कॉर्कला आले, इथल्या मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. बायको जाऊन काही वर्षं झालेली. इतकी वर्षं शेजार असून मी त्यांच्या तोंडून 'ग्रँड', म्हणजे इकडचं 'मस्त चाललंय', आणि 'पाऊस येईल' याच्यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. मी त्यांना घुम्या म्हणायची. आबांची कथा मी भिंतीवरून त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांना फुटबॉल आवडतो का?"

आबांना फुटबॉल आवडतो का! अहो, कोल्हापूरच्या माणसाला हे विचारायचं नसतं. बाकी महाराष्ट्र क्रिकेटच्या मागे वेडा झाला तरी कोल्हापूर आपल्या पेठांच्या फुटबॉलवरून हलत नाही. तिथे संघ असतो तो तालमीचा. ज्या तालमीत पोरं कुस्ती शिकतात, तिचाच फुटबॉलचा संघ, आणि पेठेतला म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे त्या संघाचे. आबा स्वतः दहा-बारा वर्षं तालमीकडून डिफेन्सला खेळले. गुडघ्यावरचा व्रण ते पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवतात.

शेजारी म्हणाले, युरोपात अजून पुष्कळ ठिकाणी शुकशुकाट आहे, पण आमच्याकडची लीग जुलैत सुरू होतेय. थंडीत मैदानावर बर्फ असतो, म्हणून फिनलंडमध्ये फुटबॉल उन्हाळ्यातच खेळतात. माझ्या गावाचा क्लब आहे. भिंतीच्या एका टोकाला, दोघांना दिसेल असा लॅपटॉप ठेवू, तुम्ही तिकडे बसा, मी इकडे. मला वाटलं, या माणसाने वर्षभराचे शब्द एका दमात संपवले.

पहिल्या सामन्याला मी आबांना खुर्ची मांडली, अंगावर शाल घातली. शेजारी बाहेर आले ते गळ्यात क्लबचा मफलर घालून, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. आबांनी तो पाहिला. चेहरा लाल झाला. "च्यायला!" म्हणून उठले आणि तरातरा घरात निघून गेले. शेजारी मफलर हातात धरून उभेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी फोनवर आईंना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. "अगं, तांबडा-पांढरा म्हंजे पलीकडच्या पेठेचा! त्यांनी आमाला फायनलला किती रडीवलंय. आमच्या घरात तांबडा-पांढरा चालतो तो फकस्त वाटीत, रश्शाचा." मग त्यांना जुनं सगळं आठवायला लागलं. "म्याच झाली की हे दारात उभं राहायचं, चपला पायात तशाच. 'जिंकलो गं' न्हाईतर 'हरलो गं', एवढं एकच बोलायचं. मला फुटबॉलातलं काय कळतंय! मी म्हणायचो, हात-पाय धुवा, वाढतो. जिंकलं तरी जेवायचंय आन् हरलं तरी जेवायचंय." कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच 'म्हणायचो, वाढतो' म्हणतात. लग्नानंतर मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं.

म्हणजे हजारो मैलांवरच्या एका फिनिश गावाने, ज्याने कोल्हापूरचं नावही ऐकलेलं नाही, केवळ रंगापायी आबांशी वैर घेतलं होतं. मी शेजाऱ्यांना हे समजावून सांगितलं. कुणी इंग्रज असता तर हसला असता. हे हसले नाहीत. मान डोलावून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "त्यांना सांग, आमच्या क्लबने सुरुवात फुटबॉलने केली नाही. कुस्तीने केली."

मी स्वयंपाकघरात धावले. "आबा! त्यांचा क्लब म्हणजे तालीमच आहे हो! आधी कुस्ती, मग फुटबॉल!" आबांनी मान वर केली. असं बघितलं की जणू मी कुठलातरी नातेवाईक शोधून काढलाय. पुढच्या सामन्याला ते स्वतःच्या पायाने अंगणात येऊन बसले. मफलरकडे मात्र न बघता.

मग त्या उन्हाळ्यात हाफ-टाइमला शेजारी क्लबचा इतिहास सांगायचे. एका वेळी एकच गोष्ट, तीही तुटक. मी ती मराठीत करायची, जमेल तेवढं मीठ-मसाला लावून. गाव कागदाच्या गिरणीचं. गिरणीतल्या कामगारांनी एक मंडळ काढलं, कुस्ती आणि कसरतीसाठी. लाकडाचा भुसा पसरून आखाडा केलेला. मग कुणीतरी चेंडू आणला. मैदान नव्हतं म्हणून तळ्याकाठची दगडांची जमीन बायका-पुरुषांनी मिळून वेचून साफ केली. गोलच्या जाळ्या कोळ्यांच्या बायकांनी विणल्या, त्यात शेजाऱ्यांची आजीही होती. त्यामुळे पहिल्या वर्षी जाळ्यांना माशांचा वास यायचा. हे ऐकून आबा खुदकन हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

युद्ध आलं तेव्हा संघातली निम्मी मुलं परत आली नाहीत. मैदानात गावाने बटाटे लावले. युद्ध संपल्यावर बटाटे काढले आणि त्याच आठवड्यात सामना खेळले, खेळाडू कमी पडले म्हणून दोन्ही बाजूंनी आठ-आठ. शेजारी हे सांगून थांबले. आबांनी शालीतून हात काढून भिंतीवर ठेवला. दोघे तसेच बसून राहिले. मी पहिल्यांदाच काही न बोलता आत गेले आणि चहा टाकला.

शेजारी शाळेत होते तेव्हा क्लबने लीग जिंकली, ती एकदाच. गावात त्या दिवशी गिरणीचा भोंगा उगाचच वाजवला होता म्हणे. मग गिरणी बंद पडली, क्लब खाली गेला, पार तिसऱ्या पायरीवर. लोकांनी पुन्हा उभा केला. आता पगारी खेळाडू आहेत, कुठला कुठला देशोदेशीचा माणूस त्या तळ्याकाठी येऊन खेळतो. शेजारी गाव सोडून पन्नास वर्षं झाली तरी सामना चुकवत नाहीत. "बायकोला काही कळायचं नाही," ते म्हणाले. "पण सामना संपला की ती या दारातून विचारायची, मग? मी सांगायचो. आता कुणी विचारत नाही."

आबांशी ते बोलायचे ते असेच. एक प्रश्न विचारायचे, आणि थांबायचे. किती थांबायचे, बाप रे! मला घाम फुटायचा. पण आबा त्या शांततेत घाबरायचे नाहीत. सप्टेंबरात एकदा 'गोल' म्हणाले. मग 'ऑफसाइड', तेही रेफ्रीच्या आधी. थेरपिस्टच्या कागदावरच्या घर-झाड-मांजरापेक्षा त्यांना ऑफसाइड आधी सापडावा, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. माझ्यासारखीने ज्याला घुम्या म्हटलं, त्या माणसाने आमच्या आबांना थांबून थांबून परत आणलं. हे ऋण मी जन्मभर डोक्यावर घेऊन आनंदाने फिरेन. फोनवर मात्र आबा अजूनही येत नव्हते.

ऑक्टोबरात पुन्हा सगळं बंद झालं. कुणी कुणाकडे जायचं नाही, अंगणातसुद्धा नाही. पण आपापल्या अंगणात बसायला कोण अडवणार? हंगामातला शेवटचा सामना होता आणि तो निदान बरोबरीत सुटला तरच क्लब वरच्या लीगमध्ये राहणार होता. तिकडे थंडी म्हणून सामना दुपारचा, आपल्याकडे एक वाजताच सुरू. आबा सामना संपेपर्यंत जेवत नाहीत, जुनी सवय. दोघे दोन बाजूंना कोट घालून बसले. शेजाऱ्यांनी मफलर काढून भिंतीवर मध्ये ठेवला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून आबांनी त्यावर आपला हात दाबून धरला होता. मी तो हात पाहिला आणि पदर नसल्यामुळे तोंडावर ओढणी घेतली.

शून्य-शून्य चाललं होतं. शेवटच्या मिनिटांत आमच्या, हो, आमच्याच डिफेन्सने चूक केली आणि गोल झाला. शिटी वाजली. क्लब खाली गेला. शेजारी हलले नाहीत. आबा हलले नाहीत. आणि तेवढ्यात फोन वाजला. तीन वाजले होते.

मी फोन घेऊन आत जाणार, तर आबांनी हात पुढे केला. माझ्याकडून फोन घेतला. पडद्यावर आई, डोक्यावरचा पदर सारखा करत. "अहो?" त्या म्हणाल्या.

आबांचे ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले. तो शब्द मला ठाऊक होता, माझ्या जिभेच्या टोकावर नाचत होता. मी तोंड उघडलंच, आणि शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं.

"ह," आबा म्हणाले. मग श्वास घेतला. "हरलो गं."

मग आईंचा आवाज आला, भरलेला, पण ठाम. "असू दे. हात-पाय धुवा, वाढतो."

आबांनी फोन माझ्या हातात दिला. उठले, चालत स्वयंपाकघरात गेले आणि नळाखाली हात धुवायला लागले.

शेजाऱ्यांनी विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी सांगितलं. ते भिंतीवरच्या मफलरकडे बघत राहिले. मी आत गेले, दोन ताटं वाढली. एक आबांसमोर ठेवलं. दुसरं घेऊन बाहेर आले, भिंतीवर ठेवलं, दोन मीटरच्या नियमाप्रमाणे मागे सरले.

"मग?" मी त्यांना विचारलं.

"हरलो," ते म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं. "हात धुऊन या."