अंकल गार्डच्या बाजूने

संदेश भेटला आणि आम्ही पाच मिनिटांत निघालो, असं आजवर झालेलं नाही. "अंकलचा खोकला आठवतो का?" एवढं एकाने म्हणायचं, की एका किश्शाचं बोट धरून दुसरा येतो. चहा गार होतो, घरून फोन येतात. दोन हजार सालानंतरची ती दोन-चार वर्षं आमची अजून संपलेली नाहीत.

आम्ही दोघं वसईतल्या माणिकपूरच्या एकाच बिल्डिंगमधले. तिसरा ब्रायन, जवळच्याच सांडोर गावचा. कॉम्प्युटर फक्त त्याच्याकडे. खिडकीबाहेर केळी, आत आम्ही तिघं स्क्रीनला चिकटलेले. गेम होती लपूनछपून शत्रूच्या तळात शिरायची. गार्डची पाठ वळली की सरकायचं. दिसलात की अलार्म, अलार्म झाला की खेळ खल्लास. आणि मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही! अर्धा तास भिंतीला चिकटून काढायचा, शेवटच्या वळणावर मरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. डोकं फिरायचं. तरी दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटलं की सायकली सांडोरच्या रस्त्याला लागायच्याच.

ब्रायनचे डॅडी, म्हणजे आमचे अंकल, वसई पूर्वेला एका कंपनीत वॉचमन होते. रात्रपाळी करून यायचे, झोप झाली की दुपारी आमच्या मागे खुर्ची टाकून बघत बसायचे. आणि ते गार्डच्या बाजूने असायचे!

*

पहिल्याच दिवशी ब्रायनने एका गार्डला मागून धरून आडवा केला. आम्ही टाळी दिली. मागून आवाज आला, "त्याला का मारलं?"

"डॅडी, दुश्मन आहे तो."

"दुश्मन कसला? ड्युटीवर आहे तो. आता साहेब त्याच्या घरी जाऊन काय सांगणार?"

त्या दिवसापासून त्या घरात गार्डला मारायची बंदी. फक्त चुकवायचं. गेम दुप्पट कठीण झाली.

*

एकदा संदेश टॉवरखालून पोटावर सरकत होता. आम्ही श्वास रोखलेले. नेमके त्याच वेळी अंकल जोरात खाकरले. संदेश दचकला, बोट भलत्याच बटणावर पडलं आणि अलार्म वाजला.

"अंकल, मुद्दाम केलंत."

"खोकला काय विचारून येतो?" अंकल म्हणाले, पण मिशीतलं हसू लपत नव्हतं.

मग तो खोकला नेमका अवघड जागी यायला लागला. तेव्हा इतका राग यायचा! आज तो खोकला ऐकायला मी सांडोरपर्यंत चालत जाईन.

*

संध्याकाळी त्यांच्याकडे रोझरी, माळेवरची प्रार्थना. आम्हीही मागे हात जोडून बसायचो. एकदा संदेश हिरोला खोक्यामागे लपवून उठला आणि पॉज करायला विसरला. प्रार्थना मध्यावर आली आणि आतल्या खोलीत भोंगा वाजला, मग धाडधाड गोळ्या. ब्रायनच्या मम्मीने डोळे न उघडता आवाज चढवला.

प्रार्थना संपल्यावर आम्ही माना खाली घालून उभे. अंकल म्हणाले, "आपण सगळे इथे बसलो. ड्युटीवर फक्त ते गार्डच होते."

*

शेवटचं मिशन काही केल्या होईना. एकदा सगळे गार्ड चुकवले, बाहेरचं गेट तेवढं उरलं आणि लाइट गेली. लोडशेडिंग. ब्रायनने कीबोर्डवर कपाळ टेकलं.

"चला," अंकल म्हणाले, "सगळ्यांना सुट्टी मिळाली."

*

मग ब्रायनला गल्फमध्ये नोकरी लागली. तिघांनी सुरू केलेली गेम तिघांनीच संपवायची, तो गेल्यावर कॉम्प्युटरसमोरच्या त्याच्या खुर्चीत कोणी बसायचं नाही, असं आमचं ठरलं. अंकलनी त्याच्या बॅगेला नवं कुलूप आणलं आणि येता-जाता ते ओढून बघायला लागले. कंपनीचं गेटही ते असंच ओढून बघायचे म्हणे.

निघायचा दिवस आला. बॅग दाराशी, संध्याकाळी गाडी येणार. दुपारी आम्ही शेवटचं मिशन लावलं. एकेक गार्ड चुकवत ब्रायन गेटपर्यंत पोचला. गेटसमोर एकच गार्ड, आणि तो हलेचना. लाइट जायची वेळ होत आलेली.

"अंकल, आज खोकू नका हां," संदेश हळूच म्हणाला.

अंकलनी खुर्ची पुढे ओढली, अगदी ब्रायनच्या खांद्याला लागून. स्क्रीनवरच्या गार्डकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्याला म्हणाले,

"जाऊ दे रे त्याला."

गार्ड वळला. ब्रायनने हिरोला गेटबाहेर काढलं. मिशन पूर्ण झाल्याची अक्षरं आली, पण टाळी द्यायला कोणाचाच हात उठला नाही.

अंकल उठले, दाराशी गेले आणि बॅगेचं कुलूप ओढून बघितलं.