गेरूच्या दगडांची वाट

हंबीरराव रस्त्यात कुत्र्याला नेहमी आतल्या बाजूला घेत. स्वतःआधी त्याला पाणी पाजत. लष्करी श्वानपथकातल्या सवयी निवृत्तीनंतरही सुटल्या नव्हत्या.

साताऱ्याच्या पेठांतून लोकांची पाळलेली कुत्री फिरवायला त्यांनी सावलीची वाट शोधली. पलटणीच्या रिवाजानं दगडांना गेरू फासला, प्रत्येक दगडापाशी पाण्याची कुंडी ठेवली. गेरू कालवायला जिवलग मित्र नानासो असायचा. हळूहळू भटकी कुत्रीही कुंड्यांवर जमू लागली.

एका सकाळी नगरपालिकेची कुत्री पकडायची गाडी गेरूचे दगड बघत फिरली आणि भटकी सगळी उचलून घेऊन गेली.

"गाडीवाल्यांना दगडांचं कुणी सांगितलं रं?" हंबीररावांनी नानासोला विचारलं.

"मीच. लय भुंकत हुती गड्या. वाट पाळलेल्यांचीच न्हवं?"

मोती चौकापुढचे दगड रंगवायचे होते. ते तसेच राहिले.