माझा एक तास भरेना

हसायचं तर हसा मला, पण आधी सगळं ऐकून घ्या. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने सरकारी साहेबासमोर तोंड उघडू नये, ही अक्कल मला त्या दिवशी आली. म्हणजे तोंड उघडून झाल्यावर आली!

दादाला जाऊन दीड महिना झाला होता. जऊळक्याच्या आमच्या वावरात सोयाबीनपेक्षा तणच जास्त माजलं होतं. वहिनीचा भाऊ येऊन सांगून गेला होता, "पुढच्या साली वावर मक्त्यानं देऊन टाक बाई. तुह्या देराच्यानं शेती होत नाही." वहिनी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ती नुसती माझ्याकडे बघायची. आणि मी? मी दादाच्या खाटेवर पडलेला!

अशात एक दिवस दारात साहेब उभा. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. देशात कोण काम करतं, कोण नाही, याची पाहणी म्हणे.

"घरात किती जण?"

"चार," मी म्हणालो.

माय, वहिनी, दादा, मी. झालं! तोंडातून चार गेले ते गेले. सुधारायचं तर ‘दादा नाही’ असं म्हणावं लागलं असतं, आणि ते काही माझ्याच्यानं होईना. मग काय, घातला दादाला टॅबमध्ये! नाव, वय, काम शेती.

"गेल्या सात दिवसांत त्यांनी काय काम केलं?"

आता इथे तरी थांबावं की नाही? पण मी थांबतो कुठे! "निंदन केलं. डवरणी केली. ओलीत केलं. रोज आठ घंटे!"

"बोलवा त्यांना."

"रिसोडले गेला."

"कधी येतील?"

एवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं. आता बोलणी खायची म्हणून मी मान खाली घातली. पण ती साहेबाला म्हणाली, "माणूस गेला माहा, साहेब. दीड महिना झाला. भाऊजीच्या तोंडून निंगलं नसन."

साहेब भला माणूस. त्याने टॅब मांडीवर ठेवला, घोटभर चहा घेतला आणि हळूच दादाचं नाव काढलं. मग विचारलं, "पण ते रोजचे आठ तास कोणाचे?"

माझी छाती फुगली. "माहे!"

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "खरं सांगा."

खरं काय होतं? निंदायला वहिनी एकटी जात होती. म्हैस मायकडे. "माय घरीच असते, काही करत नाही," असं मी म्हणालो, तर साहेबाने तिला दोन-चार प्रश्न विचारले आणि कामावर लिहून टाकलं! मजुरी नसली तरी घरच्या शेतीचं काम ते कामच. मी बघतच राहिलो.

"आता तुमचं. घाबरू नका, आठवड्यात एक तास काम केलं तरी माणूस कामावर धरतात. जगभर हाच नियम आहे."

एक तास! सात दिवसांत एक! एवढा तर आमच्या म्हशीचाही भरेल!

माय पुढे सरसावली. "लिहा न साहेब, त्यानं मोटर चालू केली."

"किती वेळ?"

"बटन दाबाले किती वेळ लागते?" वहिनी म्हणाली.

"स्टार्टर घडीघडी बंद पडत व्हता!" मी ओरडलो. "दहा मिनिटं धरा."

"चारा आनला," माय म्हणाली. "वीस मिनिटं."

"अन् म्हैस सुटली, तिच्यामागं पयालो. पंधरा!"

"सोडली कोनं व्हती पन?" वहिनीने विचारलं.

"धरून आणली ना? चला, लिहू," साहेब म्हणाला.

पंचेचाळीसवर गाडी अडली. मायने डोळ्याला पदर लावला. "दुखात हाय साहेब पोरगं."

"तेही चालतं. दुःखात कामावर गेले नसले, तरी धरता येतं. आधी काम करत होते ना?"

आधी कुठलं काम! आधी सगळं दादाच करायचा. मी त्याची भाकर घेऊन जायचो, तीही वाटेत अर्धी खायचो.

"साहेब, पंधराच मिनिटं थांबा!"

म्हणालो आणि दादाचा फवारणीचा पंप पाठीवर टाकून पळत सुटलो. पट्टे दादाच्या मापाचे, पंप माझ्या कमरेखाली आपटत होता. वावरात जाऊन पंपात पाणी भरलं आणि तणावर तुटून पडलो. पंधरा मिनिटं कुठली! दिवस कलला तेव्हा थांबलो. मधे रडलोही असेन. घामात कोणाला कळतं?

घरी आलो तर साहेब गेलेला.

"माहं काय लिहिलं?"

"काम नाही, अन् कामाच्या शोधातही नाही," वहिनी म्हणाली. "आजचं धरत नाहीत म्हने. कालपर्यंतचे सातच दिवस."

"मंग आजचं कोन धरीन?"

"मी धरीन न." तिने पंप उतरवायला हात लावला. "भाऊ आला की सांगीन, वावर घरीच राहीन."

बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर वहिनी पंपाचं झाकण काढून वास घेत होती. मग दीड महिन्यात पहिल्यांदा ती तोंडावर पदर धरून हसली.

"भाऊजी, तणनाशकाची बाटली तं घरात हाय! तुमी तणाले नुसतं पाणी पाजून आले?"

सहा पंप मारले होते मी. एकही तण सुटलं नव्हतं!